सोनपारच्या नावेची नळी

कुही-मौद्याकडच्या राईस मिलवाल्यांना रुपराव गजभिये हा माणूस आवडत नसे, पण मिलचा शाफ्ट थरथरायला लागला की त्यांना रुपरावच लागे. आवडत नसे याचं कारण त्याची जीभ. काम चालू असताना मालकानं तोंड उघडलं की हा पाना खाली ठेवायचा, बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही बोलून घ्या शेटजी, मंग मी काम करतो." आणि लागे याचं कारण त्याचं सूत.

सूत म्हणजे काही जादू नव्हे. बारीक, घट्ट पिळाचा, ताणला तरी न वाढणारा एक दोरा. इंजिनापासून मिलच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो ताणून बांधायचा आणि मधली सगळी बेअरिंगं त्या दोऱ्याच्या रेषेत आणून बसवायची. करतात सगळेच फिटर. पण रुपराव एक डोळा मिटून दोऱ्याकडे पाहत बसला की त्याची पापणी हलायची नाही, मग खाली मान घालून पत्र्याच्या पातळ चकत्या एकेक करून बेअरिंगखाली सरकवायचा, आणि उठला की शाफ्ट असा फिरायचा की बेअरिंगवर ठेवलेल्या कपातला चहा डुचमळत नसे. हा चहाचा खेळ तो दर मिलमध्ये करून दाखवी. मालक मान डोलवी, आणि हा तो चहा पिऊन टाकी. गर्व होता त्याला, खोटं कशाला सांगू.

आणि गर्व असावा असंच त्याचं आयुष्य गेलं होतं. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. छप्पन साली बापाचं बोट धरायचं वय सरलेलं असूनही सोळा वर्षांचा रुपराव पांढऱ्या सदऱ्यात बापाच्या बाजूला उभा होता आणि लाखो माणसांबरोबर त्यानं पंचशील घेतलं होतं. त्यानंतर बापानं त्याला जिनिंगच्या फाटकातून आत जाऊ दिलं नाही. "पोतं उचलाचं नाही, मशीन शिकाचं," एवढंच म्हणाला आणि कामठीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेऊन सोडला. मिस्त्रीनं दोन वर्षं त्याच्याकडून फक्त लोखंड घासून घेतलं. तिसऱ्या वर्षी दोरा हातात दिला. चाळिशीला पोचेपर्यंत नागपूरच्या घाट रोडला स्वतःची टिनाची शेड होती, एक जुनं लेथ होतं, आणि इंदोऱ्यात दोन खोल्यांचं घर. बायको इंदूबाई म्हणायची की हा माणूस भाकरीपण दोरा लावूनच मोडतो.

अशा माणसाकडे एकोणीसशे ऐंशी सालच्या जानेवारीत धरमपेठेतले वकील कृष्णकांत सबनीस आले, ते नावेचं काम घेऊन.

नागपुरात नाव, हे ऐकूनच रुपराव हसला. पण वकीलसाहेबांना नाद होता. शहरापासून तीस मैलांवर सोनपारचा मोठा तलाव आहे, तिथं त्यांनी आणि आणखी पाचसहा हौशी लोकांनी मिळून एक छोटासा क्लब काढला होता. मुंबईला कुणाची तरी मोडीत निघालेली फायबरची शिडाची नाव त्यांनी विकत घेतली आणि ट्रकवर घालून आणली. वाऱ्यावर चालायची, वारा पडला तर परत यायला आत सात घोड्यांचं डिझेल इंजिन. इंजिनाचा शाफ्ट नावेच्या तळातून एका पितळी नळीतून बाहेर जायचा आणि त्याच्या टोकाला पाण्यात पंखा. ती नळी सडली होती. पाणी झिरपत होतं. मुंबईचा कारागीर यायला तयार नव्हता, आणि आला असता तर वकीलसाहेबांना परवडला नसता.

"नळी बदलायची आणि शाफ्ट सरळ बसवायचा," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही कधी केलंय असं काम?"

"शाफ्ट केले हायेत दीडशे," रुपराव म्हणाला. "तो मिलमध्ये फिरते का पाण्यात फिरते, त्याले काय माहीत?"

सोनपारला नाव काठावर ओढून ठेवलेली होती. पोटाखाली मधोमध ट्रकचे जुने टायर, दोन्ही टोकांना लाकडी ओंडके. नाव सांभाळायला धोंडबा होता. जातीचा ढीवर, वय पस्तीसच्या आसपास, गप्प स्वभावाचा. तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांत त्याच्याइतकं पाणी कुणाला कळत नसे. पूर्वी तो प्यायचा, मोहाची. पुष्कळ प्यायचा. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या, कौसल्येच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सोडली, आणि मग वकीलसाहेबांनी त्याला नावेवर ठेवलं. हे सगळं त्यानंच रुपरावला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, नळी कापताना.

जुनी नळी काढणं म्हणजे मेहनत होती. ती फायबरच्या जाड थरात गाडलेली. करवतीच्या पात्यानं इंचइंच कापत, छिन्नीनं टवके काढत तीन दिवस गेले. फायबरची कुसळं अंगाला अशी खाज सुटवायची की दोघंही संध्याकाळी तळ्यात जाऊन बसत. रुपरावनं नवीन नळी आपल्या लेथवर कातून आणली होती. आता खरं काम. त्यानं इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या बरोबर मध्यातून दोरा काढला, तळाच्या भोकातून बाहेर नेला आणि मागे जमिनीत ठोकलेल्या खुंटीला ताणून बांधला. नळी त्या दोऱ्याभोवती अधांतरी धरली. चारी बाजूंनी अंतर सारखं. एक डोळा मिटून तो नावेच्या पोटात पालथा पडला, आणि दीड तास त्यानं धोंडबाला हलू दिलं नाही.

जमलं तेव्हा त्यानं नळीभोवती काचेच्या धाग्यांची जाळी आणि रेझिन भरलं. दोन दिवसांनी ते दगडासारखं झालं. शाफ्ट आत घातला, नळीच्या तोंडाशी पाणी अडवणारी ग्लँड कसली, इंजिन जागेवर घट्ट केलं, आणि कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट पातळ पोलादी पत्तीनं मोजली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पत्ती सगळीकडे सारखीच अडली. त्यानं शाफ्ट दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरत राहिला.

"पाह्य गा," तो म्हणाला. "मुंबईवाले काय करतीन असं?"

धोंडबानं पाहिलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "रुपरावभाऊ, एक बोलू का? नाव पाण्यात टाकल्यावर, एक-दोन दिवस तरंगू द्या तिले. मंग अजून एकदा ते पत्ती लावून पाहा ना गा."

"काहून?"

"जमिनीवर नाव पोटावर बसते. पाण्यात तिले सगळीकून आधार भेटते. अंग बदलते तिचं. आमचा डोंगा तं काठावर एक राह्यते अन् पाण्यात दुसराच होते."

रुपराव मोठ्यानं हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, पण हसला. "तुहा डोंगा लाकडाचा होय गा. हे फायबर, एका साच्यातलं. हे थोडीच अंग बदलवते? पाया हलला असता तं मले पहिले समजलं असतं."

आता त्याचंही म्हणणं समजून घ्या. वीस वर्षं त्यानं शाफ्ट बसवले ते काँक्रीटवर. चार फूट खोल चौथरा, त्यात पुरलेले बोल्ट. दोरा चुकतो, बेअरिंग चुकतं, माणूस चुकतो. चौथरा कधी चुकत नाही. पाया स्वतःच वाकतो, अशी कुठली गोष्ट त्याच्या विद्येतच नव्हती. आणि जिला आपली विद्या म्हणून तो मिरवत होता, तिच्यात एका ढीवरानं बोट घालावं, हे त्याला सहन झालं नाही. ज्यानं स्वतः आयुष्यभर 'तुले काय समजते' हे ऐकलं, तो तेच दुसऱ्याला इतक्या सहज ऐकवतो, याचा मला अजून राग येतो.

नाव पाण्यात सोडली. इंजिन चालू केलं. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा भाचा अनंत शिडाच्या दोऱ्या ओढत पुढे उभा होता. हा इंजिनियरिंगला होता, तेवीस वर्षांचा, हौशी, पण पोहता न येणारा. रुपरावनं पत्ती, दोरा, पाने पिशवीत भरले. मौद्याला मिलवर त्याची वाट पाहत होते. धान निघालं की गिरण्यांचा मोसम, तेव्हा रुपरावला जेवायला वेळ नसे. तो त्याच संध्याकाळी बसनं परत आला.

वीसेक दिवसांनी धोंडबा घाट रोडच्या शेडमध्ये उगवला. तीस मैल येऊन तो दारातच उभा राहिला. रुपराव 'बस' म्हणाला तेव्हा बसला.

"घरघर येऊन राहिली भाऊ," तो म्हणाला. "पहिले नव्हती. नळीपाशी हात लावला तं थरथर लागते. अन् थोडं थोडं पाणी."

"नवीन काम हाये. बसंल आपोआप. ग्लँड कसली होती का?"

"रोज कसतो. कसून कसून वैतागलो."

रुपरावच्या लेथवर त्या वेळी कुहीच्या मिलचा शाफ्ट चढवलेला होता. त्यानं मशीन बंदही केलं नाही. "होळी होऊ दे," तो म्हणाला. "होळीनंतर येतो, पाहून घेतो. तवरक वाऱ्यावरच चालवा."

धोंडबानं मान हलवली. चहा प्यायला आणि गेला. ही त्यांची शेवटची भेट.

होळीला आठवडा राहिला होता. एका दुपारी अनंतनं नाव काढायला लावली. जाताना छान वारा होता; तळ्याच्या मध्यावर गेले आणि वारा पडला. काठावरच्या बायकांनी इंजिनाचा आवाज ऐकला. मग तो वेडावाकडा झाला, मग बंद पडला. थोड्या वेळानं अनंत हात हलवून ओरडताना दिसला. ढीवरांचे डोंगे निघाले, पण पोचेपर्यंत नाव गेली. पाण्यावर फक्त डोलकाठीचं टोक उरलं.

पोरांनी बुड्या मारून दोघांना बाहेर काढलं. अनंत नावेपासून दहा हातांवर सापडला. धोंडबा सापडला नावेच्या आत, खाली, इंजिनाजवळ.

आणि इथंच गावानं निकाल लावून टाकला. ढीवर पाण्यात मरत नाही. मरतो तर पिऊनच मरतो. वर कोवळं पोरगं हाका मारतंय आणि नावाडी खाली इंजिनाशेजारी, म्हणजे काय? पिऊन झोपला होता. दोन वर्षं सोडली होती म्हणे. सोडणारे पुन्हा धरतात. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या सोनपारला माहीत होतं, जणू कुणी बाटली स्वतःच्या हातानं मोजली होती.

दुसऱ्या दिवशी नाव ओढायला वकीलसाहेबांनी रुपरावला गाडी पाठवून बोलावून घेतलं, साखळी-कप्पीसकट. ट्रॅक्टर लावून नाव उथळात आणली. पाणी काढलं. खाली कोण शिरणार, तर रुपराव. ती जागा त्याचीच होती.

आत शिरला आणि त्याला एका क्षणात सगळं वाचता आलं. शाफ्टची एक बाजू घासून आरशासारखी चकचकीत झाली होती, दुसरी तशीच काळी. म्हणजे शाफ्ट नळीत तिरपा फिरत होता. फिरताना नळीला लाथा घालत होता. नळीभोवतीचं फायबर तडकलं होतं, आणि नळी हलवली तर हिरडी सुटलेल्या दातासारखी हलत होती. पाण्यात उतरल्यावर नावेनं अंग बदललं होतं. अगदी धोंडबा म्हणाला तसं. एकदा पत्ती लावून पाहिली असती आणि इंजिनाखाली पत्र्याच्या दोन चकत्या सरकवल्या असत्या, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

पण त्याहून वाईट पुढं होतं. नळी आणि फायबर यांच्यामधल्या फटीत एक गमछा ठासलेला होता. नुसता कोंबलेला नव्हता. फाडून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या, पट्ट्यांना पीळ घातला होता, आणि नळीभोवती गुंडाळून पेचकसाच्या मुठीनं ठोकून ठोकून बसवला होता. तीन बाजू बंद झाल्या होत्या. चौथी राहिली होती. पेचकस खाली पाण्यात पडलेला होता.

छातीएवढ्या पाण्यात, अंधारात, हातानं चाचपडत एका माणसानं इतकं नेटकं काम केलं होतं. पोहून काठाला लागणं त्याला खेळ होता. पण वर पोहता न येणारं पोरगं होतं, म्हणून तो खाली नाव वाचवत बसला. हे रुपरावला त्या चिखलात गुडघ्यांवर बसल्या बसल्या कळलं, आणि जगात दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं.

"काय झालंय, रुपराव?" वरून वकीलसाहेबांचा आवाज आला. आवाज फाटलेला होता.

रुपरावनं गमछा ओढून काढला. पट्टी पट्टी करून काढला. तेलकट चिंध्यांच्या गोळ्यात मिसळला आणि बाजूच्या खिडकीतून पाण्यात सोडून दिला. मग वर आला.

"ग्लँड ढिली सुटली असंल साहेब," तो म्हणाला. "रोज कसाले पाह्यजे होती."

"कुणी?"

"धोंडबानं."

कुणी त्याला हे बोलायला सांगितलं नव्हतं. वकीलसाहेबांनी दम दिला नव्हता, लालूच दाखवली नव्हती. बिचारे भाच्याच्या चपला हातात घेऊन उभे होते. पण वीस वर्षांत जे नाव रुपरावनं कमावलं होतं ते, 'चूक माही' एवढं एक वाक्य बोललं की संपणार होतं, आणि पलीकडे उभे होते सगळे मिलवाले, आणि 'शेवटी यांना काय येतं' असं म्हणायला टपलेली सगळी तोंडं. तो भ्याला. ठाण्याच्या जमादारानं जबानी लिहून घेतली. काम बरोबर झालं होतं का? झालं होतं. धोंडबा दारू प्यायचा का? प्यायचा. दोन वर्षांपूर्वी सोडली, हे जमादारानं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. सही केली.

परत जाताना धोंडबाच्या घरावरून गाडी गेली. दारात बायका जमल्या होत्या, त्याची आई रुखमाबाई ऊर बडवत होती. कौसल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. रुपरावला वाटलं, धक्का बसला असेल.

मग महिने गेले. मिलचे शाफ्ट फिरत राहिले, पण रुपरावनं कपातल्या चहाचा खेळ बंद केला. कुणी मालक बोलला तरी तो पाना ठेवत नसे. दोरा ताणून झाला की तो पुन्हा सोडी आणि पुन्हा ताणी. एकाच कामाला दोनदा, तीनदा. लोक म्हणाले, म्हातारा झाला. चाळीस वर्षांचा म्हातारा. इंदूबाईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती नुसती पाहत असे, आणि ते पाहणं त्याला जास्त जड जाई.

दसऱ्याला दोघं दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवर गेली. ती गर्दी, पांढरी लुगडी, धुळीतून आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, पुस्तकांची दुकानं. भंतेजी पुढे म्हणत होते, मागून सगळे. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं आलं. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन. चोवीस वर्षं रुपराव हे दर वर्षी म्हणत आला होता. त्या दिवशी त्याचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. त्याच्या आजूबाजूला हजारो माणसं ते वाक्य म्हणून पुढे गेली. इंदूबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"काय केलं तुम्ही?" तिनं तिथंच विचारलं. "सोनपारले काय केलं?"

त्यानं सांगितलं. तिथंच, गर्दीत, उन्हात बसून. सगळं. गमछ्याचंपण. इंदूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले सांगून काय उपयोग? ज्याचं हाये त्याले द्या."

तरी त्याला निघायला महिना लागला. पाय उचलेना. दिवाळी झाल्यावर तो सोनपारला गेला. घरात रुखमाबाई एकटीच होती, डोळ्यांनी अधू, जाळं विणत बसलेली. कौसल्या माहेरी गेली, म्हातारी म्हणाली, कुहीकडं. इथं राहवेना तिला. विहिरीवर बायका बोलत नव्हत्या. जिच्या नवऱ्यानं लोकांचं पोरगं बुडवलं तिच्याशी कोण बोलणार? म्हातारीनं रुपरावला पाणी दिलं. "तुम्ही नावेचं काम करणारे ना?" ती म्हणाली. "माहा धोंड्या लय सांगे तुमचं. काय हात हाये म्हणे त्या माणसाचा." रुपरावनं पाणी न पिताच खाली ठेवलं. तिला तो काहीच सांगू शकला नाही. उठला आणि बस धरली.

कुहीच्या पुढं दोन कोसांवर कौसल्येचं माहेर. धानाची कापणी चालू होती. बांधीत, धानाच्या वाफ्यात, सातआठ बायका ओळीनं वाकलेल्या, मजुरीला. गड्यानं बोट दाखवलं तेव्हा रुपराव बांधावर जाऊन उभा राहिला. कौसल्येनं त्याला ओळखलं. विळा हातातच ठेवून ती आली, बाकीच्या बायकांपासून थोडी दूर.

"इथं कायले आले भाऊजी?"

"सांगाले आलो," तो म्हणाला. "धोंडबा पेला नव्हता."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"चूक माही होती. नळी माही तिरपी बसली. त्यानं मले सांगतलं होतं, पाण्यात टाकल्यावर पाहा म्हणून. मी हासलो. नंतर नागपूरले येऊन सांगतलं, तरी मी गेलो नाही. अन् तो झोपला नव्हता वं बाई. तो भोक बुजवून राहिला होता. गमछा फाडून, पीळ घालून, ठोकून बसवला होता त्यानं. मी माह्या हातानं काढला अन् पाण्यात फेकला. कोणाले दिसू नये म्हणून."

कौसल्येनं विचारलं, "पीळ घालून?"

"हो."

"डाव्या अंगाचा का उजव्या?"

रुपरावला आठवलं. त्याचे डोळे अशा गोष्टी विसरत नसत. "डाव्या," तो म्हणाला.

"डावखोरा होता तो," ती म्हणाली. "जाळ्याचा दोर वळे तं उलटा पीळ पडे. सासू रागवे त्याच्यावर." आणि मग तिचा आवाज बदलला. "किती बुजवलं होतं?"

"तीन बाजू झाल्या होत्या. एक राह्यली होती."

वाऱ्यानं कापलेल्या धानाची धूळ उडत होती. ती हातातल्या विळ्याकडे पाहत राहिली.

"माह्या डोक्यावर हात ठेवला होता त्यानं," ती म्हणाली. "मले वाटलं, मोडली शपथ. सारे म्हणत होते, मीपण म्हटलं. तुम्ही लिवून देल्लं होतं ना ठाण्यात? कागदावर हाये म्हणे लोक. तेरवीले मी जेवली नाही, पण त्याच्यासाठी नाही, रागानं. पितरांत सासूनं त्याचं पान वाढलं, मी त्या पानाले हात लावला नाही. पोरगी विचारे, बाबा कसा मेला, तं मी सांगो, दारू पेऊन मेला. नऊ महिने झाले. मी एक डाव रडली नाही त्याच्यासाठी. एक डाव."

रुपराव म्हणाला, "मी ठाण्यात जाऊन सांगतो. वकीलसाहेबाले सांगतो. सोनपारच्या चावडीवर उभा राहून सांगतो."

"सांगजा," ती म्हणाली. त्याच्याकडे पाहिलंही नाही. जणू तो तिथं नव्हताच, आणि त्याला कळलं की आता त्याच्या सांगण्याचा किंवा न सांगण्याचा इथं काही संबंध उरला नव्हता. तो हात जोडून उभा होता, आणि त्याला माफी मागायचीही लाज वाटत होती.

ती परत बांधीत गेली. वाकली. दोन मुठी धान कापलं. तिसरी मूठ धरली आणि तिथंच, कापलेल्या खुंटांवर, मटकन खाली बसली. आधी आवाज आला नाही. मग आला. मयताच्या घरी बायका नाव घेऊन रडतात तशी ती धोंडबाचं नाव घेऊन रडायला लागली, मोठ्यानं, डोक्यावरचा पदर पडला तरी. शेतातले विळे थांबले.

एक म्हातारी बाई धावत तिच्यापाशी आली, तिला कवेत घेऊन बसली आणि घाबरून विचारू लागली, "काय झालं वं कौसे? कोण मेलं?"

"माहा नवरा मेला वं माय," कौसल्या म्हणाली.